विहाराचे कागद: नोंदणी, जागा, चेंज रिपोर्ट आणि अल्पसंख्याक दर्जा, नागपूरच्या अनुभवातून सविस्तर

जय भीम, नमो बुद्धाय.

मागच्या वर्षावासात आमच्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेच्या छताचं काम निघालं. टिनाचे पत्रे, पावसात पोरं बकेटी ठेवून अभ्यास करत होती. स्लॅबसाठी निधी मिळू शकतो असं कळलं तेव्हा सगळे खूश झाले, आणि समोरच्यांनी फक्त एकच कागद मागितला, शेड्यूल वन, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीचा उतारा, ज्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते. आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून नक्कल काढली. त्यात सात विश्वस्तांची नावं होती, सातपैकी सहा गेलेले आणि सातवे काकाजी मुलाकडे पुण्याला, त्यांना आता घरचीही माणसं ओळखू येत नाहीत. म्हणजे आम्ही जे अकरा जण वीस वर्षांपासून तो विहार झाडतो, जयंती करतो, पौर्णिमेला खीर वाटतो, धम्मदान गोळा करतो, ते सरकारच्या कागदावर कोणीच नाही. निधी दुसऱ्या वस्तीत गेला.

तेव्हापासून गेले वर्षभर मी हेच करून राहिलो. इंदोरा, बेझनबाग, नारी रोड, इमामवाडा, रामबाग, जिथे जिथे ओळखीचे लोक आहेत तिथल्या कमिट्यांचे कागद पाहिले आणि जवळपास सगळीकडे हीच गोष्ट. म्हणून हे लिहितो, जरा लांब होईल, पण कमिटीतल्या एकाने तरी पूर्ण वाचा आणि बाकीच्यांना समजावून सांगा.

आधी गोंधळ मिटवू: माणसाचा हक्क वेगळा, संस्थेचा वेगळा

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. आपण महाराष्ट्रातले बहुतेक बौद्ध कायद्याने दोन छपरांखाली राहतो. एक छप्पर अनुसूचित जातीचं आणि दुसरं धार्मिक अल्पसंख्याकांचं.

पहिलं छप्पर आपल्याला उशिरा मिळालं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदूंमधल्या, असं होतं. १९५६ मध्ये शीख धर्मातल्या अनुसूचित जाती त्यात आल्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपल्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि ज्यांनी कागदावर बौद्ध लिहिलं त्यांची केंद्राची सवलत गेली. राज्य सरकारने नवबौद्ध म्हणून राज्यापुरत्या सवलती दिल्या पण केंद्राच्या नोकरीत, केंद्राच्या शिक्षणसंस्थेत काही नाही. हे थेट १९९० पर्यंत चाललं, त्या वर्षी संसदेने कायदा करून आदेशात बौद्ध शब्द घातला. चौतीस वर्षं. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या किती जणांनी पोराच्या नोकरीसाठी दाखल्यावर हिंदू महार ठेवलं आणि घरात बुद्धाची मूर्ती ठेवली, त्याचं कारण हे आहे. त्यांना कोणी कमी लेखू नये.

दुसरं छप्पर १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याचं. २३ ऑक्टोबर १९९३ च्या अधिसूचनेने मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अल्पसंख्याक जाहीर झाले, जैन २०१४ मध्ये आले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ६५ लाखांच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या ५.८१ टक्के.

आता मुद्दा नीट समजून घ्या. जातीचा दाखला माणसाला मिळतो. विहाराला, ट्रस्टला, शाळेला जातीचा दाखला नसतो. संस्थेचा हक्क येतो राज्यघटनेच्या कलम २६ मधून, म्हणजे आपल्या धार्मिक संस्था काढणं, चालवणं आणि मालमत्ता बाळगणं, आणि कलम ३० मधून, म्हणजे अल्पसंख्याकांनी आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढून चालवणं. त्यामुळे दारंही तीन वेगवेगळी आहेत. ट्रस्टसाठी धर्मादाय आयुक्तालय, शाळा-कॉलेजच्या अल्पसंख्याक दर्जासाठी मंत्रालयातला अल्पसंख्याक विकास विभाग, आणि स्वतःच्या सवलतीसाठी सेतू, एसडीओ आणि समाजकल्याण. मी स्वतः दोन चकरा समाजकल्याणला मारल्या होत्या विहाराच्या नोंदणीसाठी, तिथे ते काम होतच नाही.

पहिली पायरी: नोंदणी आहे की नाही ते पाहा, नसेल तर करा

विहारात एखादी जुनी लोखंडी पेटी असतेच. आमची हिरव्या रंगाची, कुलूप मोडलेलं, आत पिवळ्या पडलेल्या पावती बुकांच्या थप्प्या, दोन प्रोसिडिंग बुकं (सभेच्या नोंदींच्या वह्या), भन्तेजींचे फोटो आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत नोंदणीचं प्रमाणपत्र, कडा उंदरांनी खाल्लेल्या. ती पेटी उघडा आणि काही फेकू नका. पावती बुकांचा उपयोग पुढे सांगतो.

प्रमाणपत्रावर दोन प्रकारचे नंबर असू शकतात. एक सोसायटीचा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, आणि दुसरा पीटीआर नंबर, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालचा. आधी याला मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा म्हणायचे, कायदा तोच. काही कमिट्यांकडे फक्त सोसायटीचा नंबर असतो आणि त्यांना वाटतं झालं काम. महाराष्ट्रात सोसायटी ही सार्वजनिक ट्रस्टमध्येच धरतात, त्यामुळे दुसरी नोंदणीही लागते.

काहीच नसेल तर सुरुवातीपासून करावं लागेल. सोसायटी करायची तर किमान सात लोक लागतात. सातही एकाच घरचे, एकाच भावकीचे घेऊ नका, पुढे भांडण झालं की विहाराला कुलूप लागतं. बायांना घ्या. आपल्याकडे रोजची वंदना, वर्षावासाचं वाचन, झाडझूड, दानाची वर्गणी, निम्म्याहून जास्त काम उपासिका करतात आणि कागदावर सगळे पुरुष असतात, हे मला अजिबात पटत नाही.

मग येतो घटनेचा मसुदा, म्हणजे मेमोरँडम आणि नियमावली. झेरॉक्सच्या दुकानात तयार मसुदा मिळतो, नाव बदलून छापतात, तो घेऊ नका. उद्देशांचा भाग स्वतः बसून लिहा. धम्माचा प्रचार, विहार चालवणं, भिक्खूंची व्यवस्था हे धार्मिक उद्देश झाले. अभ्यासिका, वसतिगृह, शाळा, दवाखाना हे धर्मादाय उद्देश झाले. पुढे कधी शाळा काढायचा विचार असेल तर आजच लिहा की ही संस्था बौद्ध समाजाने स्थापन केली आहे आणि बौद्ध समाजाच्या शैक्षणिक हितासाठी शाळा, महाविद्यालय चालवेल. हे एक वाक्य नसल्यामुळे अल्पसंख्याक दर्जाच्या वेळी घटना दुरुस्त करत बसावं लागतं. पण इन्कम टॅक्सची बाजूही आहे, फक्त एकाच धर्माच्या लोकांसाठी असलेल्या धर्मादाय ट्रस्टला करसवलतीत अडचण येते, आणि ८०जी सारखी देणगीदाराची सवलत निव्वळ धार्मिक कामाला नसते. म्हणून ज्यांचा शाळेचा, वसतिगृहाचा विचार पक्का आहे त्यांनी विहाराचा ट्रस्ट एक आणि शिक्षणाची संस्था वेगळी ठेवावी, असं माझं मत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे नंबर बदललेत, हे सगळं एकदा सीएकडून तपासून घ्या.

कार्यकाळ किती, निवडणूक कशी, कोरम किती, एखादा ट्रस्टी गेला तर जागा कशी भरायची, हे चार मुद्दे गोलमोल ठेवू नका. "आजीव विश्वस्त" हा शब्द तर घालूच नका.

अर्ज धर्मादायच्या वेबसाइटवरून ऑनलाइन सुरू होतो. घटना, विश्वस्तांची यादी आणि संमतीपत्रं, ओळखपत्रं, जागेचा पुरावा किंवा जागामालकाचं नाहरकत, मालमत्तेचा तपशील, सोबत प्रतिज्ञापत्र. मग चौकशी होते, आक्षेप मागवतात, आणि त्यानंतर नोंद होऊन प्रमाणपत्र मिळतं. संस्थेच्या मालमत्तेत बुद्धमूर्ती, पंचशील ध्वजाचा खांब, माइक सेट, सतरंज्या, पुस्तकं हेही येतं. लाजू नका, लिहा.

दुसरी पायरी: जागा

इथे जीव अडकतो. नागपुरातले आपले विहार कुठे उभे आहेत पाहा. काही नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, लेआउटमधल्या ओपन स्पेसवर, काही झोपडपट्टीच्या सरकारी जागेवर, काही कोणी दान दिलेल्या प्लॉटवर.

दानाचा प्लॉट असेल तर पहिला प्रश्न, रजिस्ट्री कोणाच्या नावाने? आमच्या शेजारच्या वस्तीत एका आजीने सत्तरच्या दशकात आपल्या प्लॉटचा अर्धा तुकडा विहाराला दिला, तोंडी. आजी दर पौर्णिमेला पहिली यायची, तिच्या हयातीत कोणाची हिंमत नव्हती एक शब्द बोलायची. आजी गेली, पोरं गेली, आता नातू म्हणतात आमच्या सातबाऱ्यावर तर विहार कुठे दिसत नाही. नातवांना शिव्या देऊन काय होणार, कायदा त्यांच्या बाजूने आहे. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. शंभरच्या स्टँपवर नोटरी करून घेतलेलं दानपत्र म्हणजे रजिस्ट्री नव्हे. तुमच्याकडे तसा कागद असेल आणि दाता जिवंत असेल तर याच महिन्यात त्यांना हात जोडून घेऊन जा आणि नोंदवून घ्या, मग आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबाऱ्यावर ट्रस्टचं नाव चढवा, आणि मग ती मालमत्ता धर्मादायच्या रेकॉर्डवरही चढवा, तेही चेंज रिपोर्टनेच, म्हणजे बदल कळवण्याच्या अर्जाने, तो पुढे सांगतो.

सार्वजनिक जागेवरच्या विहाराचं जास्त नाजूक आहे. २९ सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्ते, बगीचे, सार्वजनिक जागांवर कोणत्याच धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही आणि जुन्यांचं एकेक प्रकरण तपासायचं. त्यानंतर राज्य सरकारने जीआर काढून अ, ब, क अशी वर्गवारी ठरवली: नियमित करता येणारी, पाडायची आणि हलवायची. नागपुरातही याद्या निघाल्या, हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत प्रकरणं गेली. तुमचा विहार कोणत्या यादीत आहे हे महापालिका किंवा नासुप्रकडून लेखी विचारा, माहिती अधिकारात विचारा. विहार किती जुना हे दाखवणारं जे जे असेल ते जमा करा, म्हणजे जुनं लाइट बिल, घरटॅक्सची पावती, जयंतीची जुनी पत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटोच्या मागे लिहिलेली तारीख. आणि कृपा करून तपास चालू असताना रातोरात कॉलम उभे करू नका. लोकांना वाटतं बांधून टाकलं की कोणी हात लावत नाही. उलट होतं, जुन्या बांधकामाचा जो दावा पक्का होता तोही त्याने कच्चा होतो.

ट्रस्टच्या नावावर असलेली जागा मात्र कमिटीलाही मनासारखी वापरता येत नाही. विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विकणं, अदलाबदल, दान आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा (शेतजमिनीला दहा वर्षं), याला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विहाराच्या समोर दुकानं काढून दहा दहा वर्षांसाठी दिलेली मी पाहिली आहेत. परवानगीशिवायचे असले करार अडचणीत येतात आणि जबाबदारी सही करणाऱ्यांवर येते.

तिसरी पायरी: चेंज रिपोर्ट, म्हणजे खरी दुखरी नस

त्याच विश्वस्त कायद्याचं कलम २२. नोंदणीनंतर विश्वस्त बदलले, मालमत्ता वाढली, घटनेत दुरुस्ती झाली, पत्ता बदलला, तर तो बदल ९० दिवसांत कळवायचा. आपण निवडणूक घेतो, हार घालतो, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि विसरतो. तीन वर्षांनी दुसरी कमिटी येते, ती जुन्यांना दोष देते आणि तीही विसरते.

जेव्हा आपण संविधान चौकात बोधगयेच्या महाबोधी विहारासाठी उभे राहतो तेव्हा मला हेच आठवतं. तिथे १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू असतात आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो कायदा बदलावा म्हणून नव्वदच्या दशकापासून आंदोलन आहे, आपल्या इंदोऱ्याच्या भन्ते सुरेई ससाईंनी त्यात आयुष्य घातलं. ती मागणी माझीही आहे, मनापासून. पण आपल्या वस्तीतल्या विहारावर असा कोणता कायदा नाही, इथे व्यवस्थापन शंभर टक्के आपल्या हातात आहे, आणि ते आपण नव्वद दिवसांचा एक कागद न दिल्यामुळे घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तर मागचं साचलेलं कसं काढायचं.

आधी शेड्यूल वनची प्रमाणित नक्कल काढा आणि त्यावरची शेवटची मंजूर नोंद कोणत्या तारखेची ते पाहा. तिथून आजपर्यंतच्या प्रत्येक बदलाची एका कोऱ्या कागदावर तारीखवार यादी करा, कोण गेलं, कोणी राजीनामा दिला, कधी निवडणूक झाली, त्या सभेचं प्रोसिडिंग आहे का. मयतांचे मृत्यू दाखले गोळा करा. हे काम तोंडाने सोपं वाटतं, मी चार महिने फिरलो. एका दिवंगत सचिवांच्या घरी गेलो तर त्यांच्या पत्नीने दाखला द्यायच्या आधी मला तासभर बसवलं, त्यांनी विहाराच्या पायव्यासाठी स्वतःची सायकल कशी विकली ते सांगितलं, आणि मग कपाटातून दाखल्यासोबत एक प्रोसिडिंग बुक काढून दिलं जे आम्ही हरवलं म्हणून समजत होतो. कमिटीतल्या जुन्या लोकांच्या घरी जा. बसा. चहा घ्या.

मग अर्ज. ठराविक नमुन्यात, त्याला शेड्यूल थ्री म्हणतात, सोबत सभेची नोटीस, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठरावाची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमती, जाणाऱ्यांचा राजीनामा किंवा मृत्यू दाखला. ९० दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडायचा आणि त्यात कारण खरं लिहायचं. "अज्ञानामुळे व पदाधिकाऱ्यांच्या निधनामुळे" हे खरं असेल तर तेच लिहा, खोटी आजारपणं लिहू नका. नोटीस हा कच्चा दुवा असतो. घटनेत पंधरा दिवसांची नोटीस म्हटलं असेल आणि तुम्ही भोंग्यावरून आदल्या संध्याकाळी पुकारलं असेल तर विरोधी गट तिथेच पकडतो. नोटीस बुक ठेवा, सह्या घ्या, बाहेरगावच्यांना पोस्टाने पाठवून पावती चिकटवा.

आमच्यासारखं झालं असेल, म्हणजे कागदावरचे जवळपास सगळेच गेलेले आणि मधल्या सभांचं रेकॉर्ड नाही, तर नुसत्या चेंज रिपोर्टने भागत नाही. तेव्हा हितसंबंधित लोक कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकतात, किंवा कलम ५०अ खाली संस्थेच्या व्यवस्थापनाची योजना ठरवून मागू शकतात, त्याला किमान दोन हितसंबंधित व्यक्ती लागतात. इथे वकील करा. आणि वस्तीत दोन गट असतील तर अर्जाच्या आधी बुद्धमूर्तीसमोर बसून एकदा बोला, कारण दोघांनी वेगवेगळे अर्ज टाकले की तारखा सुरू होतात आणि तारखांमध्ये दहा वर्षं जातात.

चौथी पायरी: हिशेब

थोडक्यात सांगतो. ३१ मार्चला वर्ष बंद, पुढच्या सहा महिन्यांत ऑडिट. ट्रस्टच्या नावाने बँक खातं, दोन सह्यांनी व्यवहार. प्रत्येक दानाची पावती, अकरा रुपयांची असली तरी. जयंतीची वर्गणी वेगळ्या वहीत, खिशात नाही. हिशेब दरवर्षी वैशाख पौर्णिमेला फळ्यावर लावा. जिथे फळ्यावर हिशेब लागतो तिथे वर्गणी मागायला दारोदार जावं लागत नाही, हा माझा अनुभव.

पाचवी पायरी: शाळा किंवा कॉलेज असेल तर अल्पसंख्याक दर्जा

दोन वाटा आहेत. एक राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडे, हा विभाग २००८ मध्ये सुरू झाला. दुसरी दिल्लीला, राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडे, २००४ च्या कायद्याखाली. हा आयोग स्वतः दर्जा देऊ शकतो, हे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं. नवी संस्था काढायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम १० खाली नाहरकत मागता येतं, ९० दिवसांत उत्तर आलं नाही तर ते मिळाल्याचं धरतात, नाकारलं तर आयोगाकडे अपील.

कागद तेच, पीटीआर प्रमाणपत्र, शेड्यूल वन, घटना, बहुसंख्य विश्वस्त बौद्ध असल्याची प्रतिज्ञापत्रं, शाळेची मान्यता, ऑडिट. आता वर म्हटलं होतं ना पावती बुकं फेकू नका, ते यासाठी. दर्जाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, संस्था अल्पसंख्याकांनी स्थापन केली आणि तेच चालवतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९६७ चा जुना निकाल बाजूला सारला आणि स्थापना कोणी केली हे कसं ओळखायचं ते सांगितलं: कल्पना कोणाची, कोणासाठी, पैसा आणि जमीन कोणी उभी केली, काम कोणी पुढे नेलं. म्हणजे त्या हिरव्या पेटीतली पन्नास वर्षांपूर्वीची दोन रुपयांची पावती, ज्यावर मिलमधल्या कामगाराचं नाव आहे, ती उद्या पुरावा आहे. स्कॅन करून ठेवा.

दर्जा मिळाला की काय बदलतं? राज्यघटनेच्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत, त्यामुळे प्रवेशातलं सामाजिक आरक्षण लादता येत नाही. २०२५ च्या मे मध्ये राज्याने अकरावीच्या जीआरमध्ये अल्पसंख्याक कॉलेजांनाही ते लावलं होतं, जूनमध्ये हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागाही २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, पण त्या निकालाबद्दल १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे पाठवला आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर संस्थेचं सगळं नियोजन करू नका.

आणि इथे मला मनातलं बोलायचं आहे. बाकी अल्पसंख्याकांसाठी हा दर्जा सरळ फायद्याचा असेल. आपलं तसं नाही. ज्या आरक्षणातून दर्जा सूट देतो ते आरक्षण आपल्याच बाबासाहेबांनी उभं केलेलं आहे. आपल्या शाळेच्या गल्लीत मातंगांची पोरं आहेत, चर्मकारांची आहेत, गोवारी, हलबा आहेत, त्यांनी काय करायचं? म्हणून दर्जा घ्या, संस्थेची स्वायत्तता महत्त्वाची आहे, पण त्याच सभेत ठराव करून नियमावलीत लिहा की इतक्या जागा आणि इतकी पदं वंचित जातीजमातींसाठी आम्ही स्वतःहून राखू. कायद्याने लागतं म्हणून नाही, आपल्याला लागतं म्हणून.

घरच्या कागदांचंही एकदा

विहारात पालक हमखास विचारतात म्हणून. पोराच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म बौद्ध आणि सोबत मूळ जात स्पष्ट लिहा, महार असेल तर महार. मला माहीत आहे हे लिहिताना हात थांबतो, जी सोडायला दीक्षा घेतली तीच परत का लिहायची. पण जातीचा दाखला अनुसूचीतल्या जातीच्या नावावर मिळतो, नुसतं नवबौद्ध लिहिलेला जुना दाखला केंद्राच्या कामात अडकतो. बौद्धांसाठी दाखल्याचा वेगळा नमुना आहे, सेतूत अर्ज भरताना तोच मागा.

पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा किंवा त्या तारखेला आपण महाराष्ट्रात राहत होतो हे दाखवणारा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखल खारीज उतारा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली नोंद) किंवा गावच्या कोतवाल बुकाची (जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढा. आपली मुळं भंडारा, उमरेड, काटोलकडे असतात, तिथल्या तहसीलमध्ये जावं लागेल. सर्वात मोठ्या पोराचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी) नीट करून ठेवली की मागच्यांचं सोपं होतं.

शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीची घ्यायची की अल्पसंख्याकाची ते एकच निवडायचं, एका कोर्ससाठी दोन्ही मिळत नाहीत. बहुतेकांना अनुसूचित जातीची बरी पडते. लग्नासाठी आपला वेगळा कायदा नाही, १९५५ चा हिंदू विवाह कायदाच बौद्धांना लागू आहे, बौद्ध पद्धतीने लग्न लावा आणि झोन ऑफिसात नोंद करा. आणि २०२७ च्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला घरातल्या प्रत्येकाचं उत्तर बौद्ध येतंय ना, ते समोर बसून बघा, कारण यावेळी जातही विचारणार आहेत आणि प्रगणक घाईत जात ऐकून धर्म स्वतःच्या मनाने भरू शकतो.

उद्या काय करायचं

हा अर्ज साध्या कागदावर उतरवून घ्या, कोर्ट फी स्टँप लावा, पीटीआर नंबर टाका आणि धर्मादायच्या ऑफिसात जाऊन पोच घ्या. नंबर माहीत नसेल तर संस्थेचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहा.

"प्रति, मा. सहायक धर्मादाय आयुक्त, नागपूर. विषय: शेड्यूल एकची प्रमाणित नक्कल मिळणेबाबत. महोदय, खाली सही करणारे आम्ही वरील विहाराचे नियमित उपासक असून सदर विश्वस्त संस्थेत आमचा हितसंबंध आहे. संस्थेच्या शेड्यूल एकची अद्ययावत प्रमाणित नक्कल, मंजूर घटनेची नक्कल, तसेच आजपर्यंत दाखल व प्रलंबित चेंज रिपोर्टची यादी मिळावी, ही विनंती. नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास तयार आहोत."

खाली निदान पाच जणांच्या सह्या, त्यात दोन तरी महिला मंडळाच्या. एक प्रत पेटीत.

आमचं कलम ४७ चं प्रकरण सुरू आहे, पुढची तारीख पौर्णिमेनंतर आहे. नव्या यादीत अकरा नावं दिली आहेत, त्यात पाच उपासिका, आणि पहिलं नाव त्या सायकल विकणाऱ्या सचिवांच्या पत्नीचं.